दोन सिलिंडरांना एक कार्बुरेटर कसा पुरतो

माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. गेल्या हिवाळ्याआधी त्याने यामाहाची १९७८ सालची एक्सएस ६५० ही दोन सिलिंडरांची मोटरसायकल विकत घेतली. गाडी कुणाच्या तरी शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती. दोन्ही कार्बुरेटरांमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट डिंक साचलेला, एकाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलेला, दोघांना जोडणारी पट्टी गंजलेली. माझ्याकडे रविवारची सकाळ आणि त्याच्याकडे शनिवारची रात्र, अशा वेळी त्याने व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं आणि म्हणाला, "मामा, हे दोन्ही काढतो आणि मधोमध एकच नवा बसवतो. दोन नळ्यांची एक नळी करायची, एवढंच ना?"

मी आयटीआयमध्ये बत्तीस वर्षं मुलांना लेथ आणि फिटिंग शिकवलं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हा दोघांना पुढचे बरेच रविवार लागले. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या इतरांनाही ते कामाला येईल म्हणून इथे सविस्तर मांडतो.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. कार्बुरेटर हवेत पेट्रोल मिसळतो. ते मिश्रण सिलिंडर हेडच्या भोकापर्यंत, म्हणजे पोर्टपर्यंत, नेणारी जी नळी असते तिला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. एका सिलिंडरच्या गाडीत ती बोटभर लांबीची असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. दोन सिलिंडर आणि दोन कार्बुरेटर असतील तरी प्रत्येकाची नळी वेगळी, त्यामुळे प्रश्न येत नाही. एक कार्बुरेटर दोघांत वाटून द्यायचा ठरवला की मात्र ही नळी इंजिनाचा महत्त्वाचा भाग होते.

भाच्याला मी पहिल्या रविवारी नळीबद्दल काहीच सांगितलं नाही. कागदावर एक वेळापत्रक काढायला लावलं. दोन्ही सिलिंडर केव्हा केव्हा श्वास घेतात, त्याचं वेळापत्रक.

फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक आवर्तन क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत पुरं होतं, म्हणजे ७२० अंशांत. त्यात एकदाच सक्शन, म्हणजे मिश्रण आत ओढणं, होतं. इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन वर पोचायच्या थोडा आधी उघडतो आणि पिस्टन खाली जाऊन परत फिरल्यावर थोड्या वेळाने मिटतो, म्हणून तो १८० अंशांपेक्षा बराच जास्त काळ उघडा असतो. हिशेबाला सोपं पडावं म्हणून २६० अंश धरू. नेमका आकडा कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडमीट करणाऱ्या दांड्यावर, ठरतो.

एक्सएस ६५० मध्ये दोन्ही पिस्टन बरोबर वर येतात आणि बरोबर खाली जातात. कामं मात्र आलटून पालटून: डावा सक्शन करत असतो तेव्हा उजव्यात स्फोट झालेला असतो, आणि पुढच्या फेऱ्याला उलट. याला ३६० अंशांचा क्रँक म्हणतात. आता वेळापत्रक लिहा. डावा ० ते २६० अंश श्वास घेतो. उजवा ३६० ते ६२०. मग ७२० ला पुन्हा डावा. दोघांच्या श्वासांमध्ये प्रत्येक वेळी १०० अंशांची मोकळी जागा आहे, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे.

चाळीत एका नळावर दोन बिऱ्हाडं असतात तसं हे समजा. एका घरचे सहाला पाणी भरतात, दुसऱ्या घरचे सातला. नळ एकच, पण त्याच्याखाली कोणत्याही क्षणी हंडा एकाचाच. दोघांनाही पूर्ण धार मिळते. ३६० अंशांच्या जुळ्या सिलिंडरांना एक कार्बुरेटर पुरतो तो याच कारणाने.

हे काही जुगाड करणाऱ्यांनी शोधलेलं नाही. १९३७ साली ट्रायम्फने एडवर्ड टर्नरची स्पीड ट्विन बाजारात आणली, ४९८ सीसी, दोन्ही पिस्टन बरोबर वरखाली, आणि कार्बुरेटर एकच. पुढे १९५९ मध्ये आलेल्या ६५० सीसीच्या बोनव्हिलला दोन कार्बुरेटर दिले ते वरच्या वेगातली ताकद वाढवायला. पण त्याच इंजिनाची एका कार्बुरेटरची टीआर६ कंपनी बरोबरीने विकत राहिली, आणि ब्रिटिश पोलिसांच्या ताफ्यांतही एका कार्बुरेटरच्या ट्रायम्फ होत्या. रोज धावायच्या, रोज चालू व्हायच्या गाडीला त्यांनी साधेपणा निवडला. होंडाने १९८५ साली आणलेल्या २३४ सीसीच्या रेबेल २५० मध्येही हेच: ३६० अंशांचा क्रँक आणि एक कार्बुरेटर.

आता तेच वेळापत्रक १८० अंशांच्या क्रँकसाठी लिहून पाहा. होंडाची १९६८ ची सीबी ३५० अशी आहे. एक पिस्टन वर असताना दुसरा खाली. पहिला सिलिंडर ० ते २६० श्वास घेतो आणि दुसरा १८० ते ४४०. म्हणजे ८० अंश दोघेही एकदमच ओढतात. त्यानंतर ७२० येईपर्यंत २८० अंश कुणीच ओढत नाही.

पहिल्याचा हंडा भरत आलाय आणि दुसऱ्याने मध्येच आपला हंडा सरकवला, तसं होतं. गंमत अशी की सिलिंडर भरण्यातला शेवटचा टप्पा फार मोलाचा असतो. पिस्टन परत फिरलेला असतो, तरी नळीतली हवा आपल्याच वेगाने आत घुसत राहते. नेमक्या त्याच वेळी शेजाऱ्याने ओढायला सुरुवात केली तर ती हवा तिकडे वळते. पहिला सिलिंडर अर्धपोटी राहतो. दुसऱ्याला मात्र आधीच वाहत असलेला झोत मिळतो. दोघांच्या वाट्याला येणारं मिश्रण मापानेही वेगळं आणि पेट्रोलच्या प्रमाणानेही वेगळं. एकाला जुळेल असा जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक, टाकला की दुसरा बिघडतो, आणि जेट तर दोघांत मिळून एकच आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: १८० अंशांच्या फोर-स्ट्रोक ट्विनला एक कार्बुरेटर लावायच्या भानगडीत पडू नका. गाडी चालू होईल, चालेलही, पण दोन्ही सिलिंडर एकसारखे कधी वागणार नाहीत. तिथे जुने दोन कार्बुरेटर साफ करून, नवे डायफ्राम टाकून जुळवणं जास्त शहाणपणाचं.

बाकीचे प्रकार या दोघांच्या मधे बसतात. हार्लेच्या ४५ अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर असतात, त्यामुळे स्फोटांमधलं अंतर ३१५ आणि ४०५ अंश येतं. श्वासांतली मोकळी जागा एकदा ५५ आणि एकदा १४५. थोडं वाकडं, पण कुणी कुणाचं ओढत नाही. हार्लेने कितीतरी वर्षं व्हीच्या मधोमध एकच कार्बुरेटर ठेवला तो या हिशेबात बसतो. आपल्याकडच्या रॉयल एनफिल्डच्या ६५० मध्ये क्रँक २७० अंशांचा आहे. तिथे हिशेब १० आणि १९० अंशांचा येतो, म्हणजे एका बाजूला दोघं जवळजवळ खेटलेले. ती गाडी कार्बुरेटरऐवजी इंजेक्शनची असल्यामुळे हा प्रश्न तिच्यापुढे उभाच राहत नाही.

टू-स्ट्रोकचं गणित वेगळं आणि मला फार आवडणारं आहे. तिथे प्रत्येक फेऱ्याला श्वास असतो, पण पिस्टननेच उघडझाप होणाऱ्या पोर्टचा श्वास लहान असतो, समजा १५० अंश. म्हणून तिथे १८० अंशांचा क्रँकच एका कार्बुरेटरला सोयीचा: ० ते १५०, मग १८० ते ३३०. चेकोस्लोव्हाकियात बनलेल्या जावा ३५० ट्विनला एक कार्बुरेटर आरामात पुरला तो यामुळे. जो क्रँक फोर-स्ट्रोकमध्ये अडचणीचा, तोच टू-स्ट्रोकमध्ये बरोबर. नुसता क्रँक बघून भागत नाही, वेळापत्रक लिहावंच लागतं.

भाच्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून फोटो पाठवला. त्याची गाडी ३६० अंशांची होती, म्हणून पुढे जायला हरकत नव्हती.

दुसरा प्रश्न मापाचा. मूळ गाडीला ३८ मिलिमीटरचे दोन कार्बुरेटर होते. मग एकच बसवायचा तर तो केवढा? बहुतेकांच्या मनात येतं की दोघांचं काम एकाला करायचंय तर दुप्पट मोठा हवा. वेळापत्रक नीट बघितलं की ही शंका जाते. कार्बुरेटरला कोणत्याही क्षणी एकाच सिलिंडरचं, म्हणजे सुमारे ३२६ सीसीचं, ओढणं सोसायचं आहे. फरक एवढाच की ते दुप्पट वेळा सोसायचं.

ढोबळ आकडेमोड करू. इंजिन ६५३ सीसीचं. ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा पूर्ण श्वास. सिलिंडर ८५ टक्के भरतात असं धरलं तर मिनिटाला साधारण १६६५ लिटर हवा, सेकंदाला जवळजवळ २८ लिटर. ती ३६ मिलिमीटरच्या भोकातून जाताना सरासरी वेग सेकंदाला २७ मीटर पडतो. ३४ चं भोक घेतलं तर ३१, आणि ३८ चं घेतलं तर २४. वरच्या वेगात मोठं भोक बरं, हे खरंच. पण शहरात गाडी ३००० आरपीएमच्या आसपास असते, तेव्हा हेच वेग निम्मे होतात. जेटमधून पेट्रोल ओढण्याचा जोर हवेच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे चालतो, म्हणजे वेग निम्मा झाला की जोर चौथाई. मोठ्या भोकाच्या कार्बुरेटरवर सिग्नलला झटकन मूठ पिळली की गाडी खों करून बसते ती यामुळे.

इथे एक फसवी गोष्ट आहे. मूळचे ३८ चे कार्बुरेटर व्हॅक्यूमवर चालणारे होते. त्यांत मूठ पिळली तरी आतला पिस्टन इंजिनाच्या ओढीप्रमाणेच हळूहळू वर जातो, त्यामुळे भोक मोठं असूनही ते कमी वेगात स्वतःला लहान ठेवतात. भाचा घेणार होता तो मिकुनी कंपनीचा साध्या स्लाइडचा कार्बुरेटर. त्यात स्लाइड, म्हणजे भोक उघडणारी सरकती झडप, थेट हाताने उचलली जाते. एकाचे ३८ आणि दुसऱ्याचे ३८ एकसारखे धरता येत नाहीत. आम्ही ३६ वर थांबलो.

आता एक गोष्ट जी मला वाटतं सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते: फ्लोट. कार्बुरेटरच्या तळच्या वाटीत, म्हणजे बाउलमध्ये, तो तरंगतो आणि पेट्रोल पुरेसं भरलं की सुई दाबून वाट बंद करतो. वरच्याच हिशेबाने पूर्ण थ्रॉटलला हे इंजिन मिनिटाला साधारण २१५ मिलिलिटर पेट्रोल पितं, चहाचे दोन कप भरतील एवढं. पूर्वी ते दोन फ्लोटमधून निम्मं निम्मं यायचं. आता सगळं एकाच फ्लोटच्या सुईखालून आलं पाहिजे. त्या सुईचं सीट, म्हणजे ती बसते ते भोक, बारीक असेल तर गाडी गावात उत्तम चालते आणि हायवेवर दोन-तीन किलोमीटर जोरात पळाली की दम तोडते, कारण बाउल रिकामा झालेला असतो. लोक मग मेन जेट बदलत बसतात. जेटपर्यंत पेट्रोलच पोचत नसेल तर जेट मोठा करून काय होणार? मोठं सीट टाका, टाकीची तोटी साफ करा, आणि टाकीला दोन तोट्या असतील तर दोन्ही टी-जोडाने एकत्र आणा. भाच्याच्या टाकीला दोन होत्या, त्यामुळे काम सोपं झालं.

मग आम्ही नळीकडे आलो.

मॅनिफोल्डमधून नुसती हवा जात नाही. हवेबरोबर पेट्रोलची वाफ जाते, बारीक थेंब जातात, आणि नळीच्या भिंतीवरून पेट्रोलचा पातळ थर सरकत जातो. हवा वळणावर सहज वळते. थेंब जड असतात, ते वळत नाहीत. घाटात एसटी वळली की उभे असलेले प्रवासी बाहेरच्या बाजूला ढकलले जातात, तसे थेंब वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर आदळतात आणि तिथे ओलावा धरतो. म्हणून मला टी-आकाराचे मॅनिफोल्ड आवडत नाहीत. बनवायला सोपे असतात, पण मिश्रण समोरच्या भिंतीवर आदळून काटकोनात वळतं आणि थंड इंजिनात त्या भिंतीवर पेट्रोल साचतं. वाय-आकार घ्या आणि दोन्ही फाटे मधल्या रेषेपासून शक्यतो ३० अंशांच्या आत ठेवा. जागा अपुरी असेल तर वळण मोठ्या त्रिज्येचं घ्या. दोन्ही फाट्यांची लांबी, वळण आणि आतला व्यास तंतोतंत सारखा हवा.

फाटे जिथे फुटतात तिथे मोठी पेटी करू नका. हवेचा साठा असावा म्हणून काही जण मधे डबा बसवतात. त्यात ओढीचा ठोसा बोथट होतो, वेग पडतो आणि तळाशी पेट्रोलचं डबकं होतं. एका वेळी एकच सिलिंडर ओढतोय, तर साठ्याची गरजच काय? फाट्याच्या बेचक्यातली धार सुरीसारखी पातळ ठेवू नये, पेन्सिलच्या पाठीसारखी थोडी गोल करावी.

कार्बुरेटर कसा बसवला आहे यावरही वाटणी अवलंबून असते. स्लाइड अर्धवट उघडी असताना मिश्रण भोकाच्या खालच्या भागातून जातं. फाटे डावी-उजवीकडे फुटत असतील आणि कार्बुरेटर सरळ उभा असेल तर दोघांना सारखं मिळतं. तो थोडा जरी एका कुशीवर कलला तरी एका बाजूचा फायदा होतो. बटरफ्लायच्या, म्हणजे फिरत्या पाकळीच्या, कार्बुरेटरमध्ये तिचा दांडा आडवा असला पाहिजे. उभा असेल तर अर्धी उघडलेली पाकळी सगळं मिश्रण एकाच फाट्याकडे वळवते.

आतली पॉलिश हा माझ्या चुकीचा विषय. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात एका मित्राच्या जुन्या ट्रायम्फसाठी मी ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड बनवला होता. ओतकाम करून घेतलं, बोअरिंग केलं, आणि तीन संध्याकाळी खर्चून आतून आरशासारखा घासला. दिसायला देखणा झाला. थंडीत सकाळी ती गाडी पहिली दहा मिनिटं ढेकर दिल्यासारखी चालायची. गुळगुळीत भिंतीवरून पेट्रोल ओघळून खाली जमत होतं. शेवटी ८० नंबरच्या पॉलिशपेपरने सगळी चकाकी खरवडून काढली आणि गाडी सुधारली. थोडी खरखरीत भिंत पेट्रोलचा थर धरून ठेवते आणि हवा त्याला परत उचलते. तेव्हापासून मी वेल्डची आत आलेली माळ आणि पायऱ्या तेवढ्या काढतो, पॉलिश करत नाही.

पायरीबद्दल एक नियम लक्षात ठेवा. मॅनिफोल्डचं भोक पोर्टपेक्षा किंचित लहान असलं तर चालतं. मोठं असलं तर पोर्टची कड झोताच्या समोर भिंतीसारखी उभी राहते, ते चालत नाही.

भाच्याने माइल्ड स्टीलचा बनवायचं ठरवलं आणि मला ते पटलं. पहिल्या वेळेला स्टीलच घ्यावं. ॲल्युमिनियम हलकं, पण त्याचं वेल्डिंग सगळ्यांना जमत नाही, आणि फसलं तर पुन्हा सुरुवात. स्टील कापता येतं, जोडता येतं, चुकलं तर परत कापता येतं.

सुरुवात फ्लँजपासून, म्हणजे नळी इंजिनाला बोल्टने आवळायच्या सपाट चकतीपासून. इंजिनाच्या पोर्टवर जाड कागद दाबून धरायचा आणि ग्रीस लागलेलं बोट कडांवरून फिरवायचं. पोर्टचं भोक, बोल्टची भोकं, बाहेरची कड, सगळ्याचा ठसा कागदावर उमटतो. मापपट्टी घेऊन मोजण्यापेक्षा हा ठसा जास्त खरा. तो १० मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर चिकटवून पंच मारायचे आणि मग ड्रिल. बोल्टची भोकं अर्धा मिलिमीटर सैल ठेवावीत, म्हणजे बसवताना सरकवून पोर्टशी जुळवता येतं.

पुढची पायरी बरेच जण गाळतात. धातूला हात लावायच्या आधी पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि पुठ्ठा घेऊन खोटा मॅनिफोल्ड बनवावा आणि गाडीवर ठेवून पाहावा. कार्बुरेटर फ्रेमच्या नळीला घासतो का, थ्रॉटलची केबल कुठे मुडपते, मेन जेट बदलायला बाउल खोलता येतो का, एअर फिल्टर बॅटरीला टेकतो का, हे सगळं तेव्हाच कळतं. भाच्याचा पहिला पुठ्ठ्याचा नमुना फ्रेमच्या नळीत घुसत होता. सगळं दोन सेंटिमीटर इंजिनाकडे आणावं लागलं. याच वेळी उतारही ठरवावा: नळी कार्बुरेटरकडून इंजिनाकडे किंचित खाली उतरती हवी, म्हणजे जमलेलं पेट्रोल उलटं येणार नाही. पण फ्लोटचा बाउल मात्र समपातळीतच राहिला पाहिजे.

फाटे कापताना जोडाच्या जागी माशाच्या तोंडासारखा अर्धगोल काप घ्यावा लागतो. तो कानशीने जुळवत न्यायचा, उजेडासमोर धरून फट दिसेनाशी होईपर्यंत. फट राहिली की वेल्डिंगवाला ती मालाने भरतो आणि तो माल आत लोंबतो.

आणि वेल्डिंग. फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने वाकते, वाकणारच. दोन फ्लँज असतील तर त्या एकमेकींपासून सरकतातही. उपाय एक: जाड लोखंडी प्लेटला इंजिनासारखीच भोकं पाडून दोन्ही फ्लँज तिला घट्ट आवळायच्या, चारी बाजूंना टाके घालायचे, मग थोडं थोडं समोरासमोरच्या बाजूंनी वेल्ड करत जायचं. पूर्ण गार होईपर्यंत बोल्ट सोडायचे नाहीत. एवढं करूनही थोडं वाकतं. काचेच्या सपाट तुकड्यावर पॉलिशपेपर ठेवून फ्लँजचं तोंड आठाच्या आकड्यात फिरवत घासायचं. सरळपट्टी लावून ०.०५ मिलिमीटरची फीलर पाती (फट मोजायची पातळ पट्टी) कुठेच आत जाता कामा नये. भाच्याने हे काम एका रात्रीत उरकलं होतं. त्याचा परिणाम पुढे सांगतो.

कार्बुरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधे रबराचा जोड हवाच. ३६० अंशांच्या इंजिनात दोन्ही पिस्टन बरोबरच वरखाली होतात, त्यामुळे ते चांगलंच थरथरतं, आणि ती थरथर बाउलपर्यंत पोचली तर आतलं पेट्रोल फेसाळतं. रबर पेट्रोल सोसणारं घ्या. सांध्यांत साधं सिलिकॉन भरू नका. पेट्रोलने ते फुगतं, सुटतं आणि त्याचा तुकडा आत जाऊन बसतो. कागदी गॅस्केट आणि सपाट फ्लँज यांना सिलिकॉनची गरज नसते.

गाडीवर चढवण्याआधी आतून तारेच्या ब्रशने, मग पेट्रोलने, मग हवेच्या प्रेशरने साफ करा. आणि पुन्हा एकदा करा. वेल्डिंगचा एखादा खडा आत राहिला तर तो सरळ सिलिंडरमध्ये जातो आणि पिस्टनवर ओरखडे ओढतो. मग मॅनिफोल्डपेक्षा कितीतरी मोठं काम निघतं.

गळती तपासायची पद्धत सोपी आहे. दोन्ही फ्लँजवर रबराचा तुकडा ठेवून प्लेटने आवळा, कार्बुरेटरच्या बाजूने सायकलच्या पंपाने हलकी हवा भरा आणि सगळ्या वेल्डवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर तिथे भोक आहे. यात वेल्ड तपासले जातात. फ्लँज आणि हेडमधला सांधा मात्र गाडीवरच कळतो. तो चालू इंजिनावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारून तपासावा. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा आत जाते आहे. काही जण यासाठी पेटणारा स्प्रे वापरतात. गरम एक्झॉस्टशेजारी मी ते कधीच करू देत नाही.

गाडी पहिल्या दिवशी चालू झाली. भाच्याने आनंदाने फोन लावला, पण मला आयडलिंगचा, म्हणजे मूठ न पिळता चालणाऱ्या इंजिनाचा, आवाज ऐकूनच बरं वाटेना. रेस आपोआप वर चढत होती, खाली येत होती. "दोन्ही प्लग काढून दाखव," म्हटलं. डावा पांढरा फटक, उजवा काळसर.

इथे घाई करायची नसते. दोन प्लगचे रंग वेगळे असले की दोष मॅनिफोल्डचाच असतो असं नाही. आधी प्लग आणि त्यांच्या कॉइल डाव्या-उजव्या अदलाबदल करायच्या. रंग त्यांच्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष विजेचा. रंग आपल्या जागीच राहिला तर व्हॉल्व्हचा गॅप आणि कॉम्प्रेशन तपासायचं. तेही बरोबर असेल तरच मॅनिफोल्डकडे वळायचं. भाच्याचा रंग जागचा हलला नाही, गॅप ठीक होता, कॉम्प्रेशन दोन्हीकडे जवळपास सारखं. पाण्याचा फवारा डाव्या फ्लँजच्या खालच्या कडेवर मारला आणि रेस लगेच बदलली. एका रात्रीत उरकलेल्या त्या घासकामात खालच्या कोपऱ्यात फट राहिली होती. तिथून शिरणारी जादा हवा डाव्याचं मिश्रण पातळ करत होती, आणि ते भरून काढायला त्याने आयडलचं पेट्रोल वाढवलं होतं म्हणून उजवा काळा पडत होता. फ्लँज परत काचेवर गेली. या वेळी त्याने चार संध्याकाळी दिल्या.

जेट जुळवण्याचा क्रम मी त्याला खालून वर असा सांगितला. आधी आयडलचा पायलट जेट, मग मधल्या मुठीसाठी नीडलची, म्हणजे स्लाइडला लटकलेल्या सुईची, खाच, शेवटी पूर्ण मुठीसाठी मेन जेट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. कार्बुरेटर आता दुप्पट वेळा ओढला जातो, म्हणून पेट्रोलही दुप्पट वेळ वाहतं. मेन जेट दुप्पट मापाचा लागत नाही. नव्या कार्बुरेटरबरोबर आलेल्या जेटपासून सुरुवात करून प्लगचे रंग पाहत एकेक नंबर सरकायचं.

नोव्हेंबरात त्याचा आणखी एक फोन आला. थंड, दमट सकाळी दहा मिनिटं चालवल्यावर वायच्या बाहेरून पांढरा दंव धरतो आणि गाडी अडखळते. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं. जुने दोन कार्बुरेटर हेडला जवळ होते, नवा लांब आहे, त्यामुळे नळीला इंजिनाची ऊब पोचत नाही. त्याने फ्लँजखाली बेकलाइटचा जाड तुकडा घातला होता, उन्हाळ्यात बाउल तापू नये म्हणून. तो काढून पातळ गॅस्केट टाकलं आणि नळीवर कापडी पट्टी गुंडाळली. आता थोडं कमी आहे. उन्हाळ्यात बेकलाइट परत घालावा लागेल, असं त्याने वहीत लिहून ठेवलंय.

मूळच्या दोन कार्बुरेटरांएवढा वरचा वेग त्याला मिळत नाही. वळणं आली, नळी लांब झाली, तेवढं नुकसान आहेच, आणि शर्यतीसाठी गाडी हवी असेल त्याने हा मार्ग घेऊ नये. त्याच्या उपयोगाच्या वेगात गाडी गुळगुळीत ओढते, आणि जुळवणीसाठी दोन कार्बुरेटरांना गेज लावून बसावं लागत नाही. परवा त्याने दोन्ही प्लगचा शेजारी ठेवलेला फोटो पाठवला. दोन्ही विटकरी, एकाच छटेचे. मी मोठा करून पाहिला आणि त्याला सांगितलं की डाव्या प्लगचा गॅप किंचित जास्त आहे, तेवढा बघ.